दिवेलागणीची नावे

परवा ससाणेनगरच्या रस्त्यावर माझी रिक्षा पाऊण तास अडकून पडली होती. पुढे एक सिमेंटचा ट्रक आडवा झाला होता, मागे शाळेच्या बसगाड्यांची रांग लागली होती आणि सगळे एकमेकांवर भोंगे वाजवत होते. माझ्या डोक्यात त्या दिवशीची यादी चालू होती. सोसायटीचा पाण्याचा टँकर आला असेल का, स्वयंपाकघराच्या भिंतीतली गळती बघायला प्लंबर येईल का, मुलाच्या घरकर्जाचा हप्ता वाढला त्याचे तो काय करणार, यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन दिवाळीच्या आत उरकावे की नंतर. वय झाले की माणसाला झोप कमी येते आणि काळज्या जास्त सुचतात. त्या पाऊण तासात मी निदान सात काळज्या पुऱ्या कातून घेतल्या.

आणि मग, का कोण जाणे, मला आठवले की आपण अडकलो आहोत ती जागा ससाण्यांच्या मळ्याच्या आसपासची आहे. १८९७ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच परिसरात, तेव्हा मोकळ्या असलेल्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांचा प्लेगचा दवाखाना उभा होता. सहासष्ट वर्षांची एक बाई मुंढव्याच्या महारवाड्यातून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन याच दवाखान्यात आली होती. त्या बाईचे नाव सावित्रीबाई फुले. मुंढवा ते हडपसर हे अंतर चार-पाच किलोमीटरचे. आज मध्ये मगरपट्ट्याच्या इमारती आहेत, उड्डाणपूल आहे, मॉल आहेत. तेव्हा शेतांची आणि माळाची वाट होती.

मी रिक्षावाल्याला थांबवलेले भाडे वाढेल म्हणून चिडचिड करत होते. ती बंद झाली. मला माझी थोडी लाज वाटली, आणि माझी आई आठवली.

मी मूळची हडपसरचीच. आता सांगितले तर नातीला खरे वाटत नाही, पण माझ्या लहानपणी हडपसर म्हणजे कालव्याच्या पाण्यावरचे भाजीचे मळे. पुण्याच्या मंडईत पहाटे जी मेथी-कोथिंबीर जायची तिच्यातली कितीतरी इथून जायची. माझी आई त्या मळ्यांमध्ये खुरपणीला आणि जुड्या बांधायला जात असे. तिला अक्षर ठाऊक नव्हते. पण तिची एक सवय होती. संध्याकाळी दिवा लावला की हात जोडून ती देवांची नावे तर घ्यायचीच, पण त्यांच्यामागून त्या दिवसाच्या माणसांची नावे घ्यायची. कुणी पाटीला हात लावला, कुणी मीठ उसने दिले, कुणी माझ्या शाळेची फी दोन दिवस थांबवली. त्या सगळ्यांची नावे, एकेक करून, मोठ्याने. याला ती हिशेब म्हणायची. हिशेब झाल्यावरच ती चुलीकडे वळायची.

मी शिकले, शिक्षिका झाले, आणि बरीच वर्षे मला आईच्या या सवयीचा राग येत असे. मला वाटायचे, हे गरिबाचे मिंधेपण आहे. ज्यांनी हिला दिवसभर उन्हात राबवले त्यांच्यातल्याच कुणी घोटभर ताक दिले म्हणून ही हात जोडते. कृतज्ञता माणसाला वाकवते, असे माझे पक्के मत होते. हे मत बदलले ते सावित्रीबाईंच्या चरित्रामुळे. शाळेत दर वर्षी तीन जानेवारीला मी त्यांच्यावर भाषण करत असे. पण भाषण करणे आणि चरित्र वाचणे यांत फरक असतो हे मला उशिराच कळले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली, नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे होते. जोतीरावांना आई नव्हती. त्यांना वाढवले ते मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी. या सगुणाबाईंना थोडेफार इंग्रजी येत असे, त्यांनी एका मिशनरी कुटुंबात मुले सांभाळण्याचे काम केले होते, आणि जोतीरावांच्या मनात शिक्षणाची ओढ लागली तिचे मूळ पुष्कळसे त्यांच्यापाशी जाते. पुढे जोतीरावांनी बायकोला शिकवायला घेतले तेव्हा सगुणाबाईही शेजारी शिकायला बसत. सावित्रीबाईंनी या माउलीची आठवण आपल्या लेखनात मोठ्या जिव्हाळ्याने करून ठेवली आहे. सासू नसलेल्या घरात सासूच्या जागी आलेल्या एका विधवेविषयी सुनेने कृतज्ञतेने लिहावे, ही गोष्ट आजही आपल्याकडे सर्रास घडत नाही.

अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेऊन सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. यापुढची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. रस्त्यातून जाताना अंगावर शेण आणि चिखल येई, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात. शाळेत पोहोचल्यावर ते नेसत, आणि परत येताना पुन्हा मळलेलेच अंगावर चढवत. मी वर्गात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिच्यातली धार माझ्यापुरती बोथट झाली होती. पुढे एकदा पावसाळ्यात बसने माझ्या साडीवर चिखल उडवला आणि मी तो सबंध दिवस वाया घालवला. घरी येऊन हंडाभर पाण्यात साडी बुडवताना ते दुसरे लुगडे डोळ्यांपुढे आले. त्या बाईने चिखलाचा विचार एकदाच केला, त्यावर दुसऱ्या लुगड्याचा उपाय काढला, आणि पुढे तो प्रश्न मनातून काढून टाकला. मुलींना शिकवायला लागणारे मन तिने त्यासाठी मोकळे ठेवले.

१८४९ मध्ये सासरे गोविंदराव यांनी समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडायला सांगितले. त्या वेळी जवळ घेणारे घर निघाले ते गंज पेठेतल्या उस्मान शेख यांचे. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सोबत शिकवू लागल्या. या फातिमांविषयी कागदोपत्री फार थोडे उरले आहे. जे उरले आहे त्यातले सर्वांत मोलाचे आहे ते सावित्रीबाईंच्याच एका पत्रात, आणि त्या पत्रासाठीच मला हा लेख लिहावासा वाटला.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. पहिले आहे ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या. पत्राच्या सुरुवातीला त्या प्रकृती सुधारल्याचे कळवतात, आणि लगेच आपल्या भावाचे नाव घेतात. त्याने आजारपणात किती कष्टाने शुश्रूषा केली, तो किती मायाळू आहे, हे सांगतात. मग फातिमाची आठवण काढतात. आपल्या माघारी शाळेचा भार तिच्यावर पडून तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, याची त्यांना खात्री आहे. येथवर हे कुठल्याही माहेरवाशिणीचे पत्र वाटते.

आणि मग पत्राला वळण मिळते. हाच भाऊ, ज्याने रात्रंदिवस सेवा केली, तो एके दिवशी बहिणीला सुनावतो की तुम्ही नवरा-बायको महार-मांगांना शिकवता, हे पाप आहे, म्हणून तुम्हाला वाळीत टाकले ते योग्यच आहे. जातीच्या रूढीप्रमाणे वागा. अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या सावित्रीबाई त्याला सोडत नाहीत. तुझी बुद्धी संकुचित झाली आहे असे त्याला तोंडावर सांगतात. गाई-बकऱ्यांना गोंजारता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, आणि माणसांना मात्र अस्पृश्य ठरवता, याचे कारण विचारतात. पुण्यात चाललेल्या कामाचे महत्त्व त्याला समजावतात. अखेर भावाची आणि ते ऐकत बसलेल्या आईची मने हलतात.

माझ्या आईच्या सवयीवर मी जो आक्षेप घेत आले होते त्याचे उत्तर मला या एका पत्रात मिळाले. सावित्रीबाईंनी भावाची सेवा मानली, म्हणून त्याचे मत मानले नाही. त्याचे मत खोडून काढले, म्हणून त्याची सेवा विसरल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, शेजारी शेजारी, आणि आधी उपकार मग वाद अशा क्रमाने. ज्याचे देणे लागतो त्याचे देणे मोकळेपणाने कबूल केले की त्याच्याशी भांडताना आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांना पंचविसाव्या वर्षी समजले होते. मला निवृत्तीनंतर समजले.

त्याआधी दोन वर्षे, १८५४ मध्ये, त्यांचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. त्या वेळी वय तेवीस. घर सुटलेले, सासर-माहेरचे लोक दुरावलेले, रस्त्यावर शिव्या. अशा काळात माणूस काय लिहील? त्या संग्रहात विद्येचा आग्रह आहे, अज्ञानावर कोरडे आहेत, तसाच पिवळा चाफा आहे, जाई आहे, गुलाब आहे, मातीचे कौतुक आहे. आपल्यावर अन्याय होत असताना चाफ्याकडे बघायला सवड काढणे हे पळून जाणे नव्हे, हे समजायला मला बराच काळ लागला. ज्याला जगातले चांगले दिसायचे बंद होते, त्याला वाईटाशी फार काळ लढताही येत नाही. तो लवकर दमतो.

पुढच्या तीस-बत्तीस वर्षांचा आलेख इथे सगळा देता येणार नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला, त्यामागे दोघांचे चार वर्षांचे काम होते. १८६३ मध्ये या दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर घेऊन जावे, नको तर ठेवून जावे. या बायकांची बाळंतपणे सावित्रीबाई करत. त्यांना स्वतःला मूल नव्हते. आपल्याकडे मूल नसलेल्या बाईच्या वाट्याला काय काय येते हे मी सांगायला नको. पण त्या घरी आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये या दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. शिकून डॉक्टर झाला. या लेखाच्या सुरुवातीला ज्याच्या दवाखान्याचे नाव आले तो हाच मुलगा.

दुसरे पत्र १८६८ चे, पुन्हा नायगावहून. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचे प्रेम गावाला कळले, मुलगी गरोदर होती, आणि गावकरी त्या दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली, आणि दोघांचे प्राण वाचवून त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून. १८७६-७७ च्या त्या भीषण दुष्काळात माणसे झाडपाला खात होती, पाण्यावाचून गुरे मरत होती, लोक गाव सोडून चालले होते. सावित्रीबाई सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांबरोबर तिथे मदतीचे काम करत होत्या. या पत्रातही दुष्काळाचे वर्णन थांबते तिथे सोबत फिरलेल्या आणि पैशाने मदत केलेल्या माणसांची नावे येतात. एवढ्या आकांतात बाई नावे लिहायला विसरत नाही. ओतूरहून पुण्याला पत्र जायचे, ते वाचणारा एकटा नवरा. तरीही नावे. मला माझ्या आईची दिवेलागण आठवते ती इथे.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत जोतीरावांना महात्मा ही पदवी जनतेने दिली आणि दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तरी त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक लिहून पुरे केले. घरात पैसा उरला नव्हता. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या दाम्पत्यासाठी मदत मागितली, यावरून हलाखीची कल्पना यावी. औषधोपचार डॉ. विश्राम रामजी घोले करत होते, शुश्रूषा सावित्रीबाई. या काळात, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, यशवंताचे लग्न झाले. मुलगी हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांची, नाव राधा. विधवेच्या पोटी जन्मलेल्या दत्तक मुलाला आपली मुलगी देणारे ससाणे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्या वेळी या सोयरिकीला काय धैर्य लागले असेल ते आजच्या लग्नाच्या जाहिराती वाचल्या तरी कळते. फुल्यांचे हडपसरशी नाते जुळले ते असे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तकाचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हाती घेऊन चालल्या आणि पतीला अग्नी दिला. बाईमाणूस स्मशानात जात नसे तो काळ. त्यानंतर त्यांनी बावन्नकशी सुबोध रत्नाकर हे काव्य लिहिले. ते जोतीरावांचे पद्य चरित्र आहे, आणि माझ्या मते ते ऋणनिर्देशाचे एक मोठे पत्रच आहे. वैधव्य आले, हातात पैसा नाही, मुलगा नुकता उभा राहतो आहे, अशा वेळी त्या साठीच्या बाईने आपल्याला काय गमावले याची मोजदाद केली नाही, आपल्याला काय मिळाले होते ते लिहून काढले. मग घरात बसल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. आमच्या हडपसरवरून दिवे घाट चढला की सासवड. दर वर्षी ज्ञानोबांची पालखी याच वाटेने जाते.

१८९५ मध्ये सून राधा गेली. घरात दुसरे मरण.

आणि मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत दिसला, काही महिन्यांत पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. याच कायद्याखाली २०२० च्या मार्चमध्ये आपल्याला घरात बसवण्यात आले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमाँने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे १८९७ च्या वसंतात कुणालाच नक्की ठाऊक नव्हते की आपण कशाला भ्यावे. हाताला, श्वासाला, कपड्याला, धान्याला. सगळ्यालाच माणसे भीत होती. घरातले आजारी माणूस लपवत होती किंवा टाकून पळत होती. रँडसाहेबाच्या घरझडतीची धास्ती वेगळीच.

यशवंत फौजेत वैद्यकीय नोकरीवर होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले, आणि हडपसरला, ससाण्यांच्या मळ्यात, दवाखाना सुरू झाला. गावाबाहेरची मोकळी हवा म्हणून ती जागा निवडली असणार, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती जमीन सुनेच्या माहेरची. सून जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगी गेल्यावर जावयाशी नाते तुटते असे आपण म्हणतो. इथे तुटले नव्हते. ज्यांनी एकदा मुलगी दिली त्यांनीच आता रोग्यांसाठी माळ दिला. त्या दवाखान्याचा पाया फुले आणि ससाणे या दोन घरांनी एकमेकांचे ऋण न विसरण्यावर घातला होता, असे मी म्हटले तर ते फारसे चुकीचे होऊ नये.

सावित्रीबाई स्वतः रोगी शोधून आणत. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेगने घेरल्याचे कळले तेव्हा त्या तिथे गेल्या, आणि त्याला पाठीवर घेऊन हडपसरला आल्या. त्याच सेवेत त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सहासष्ट वर्षांचे आयुष्य. हडपसरच्या माळाशी त्यांचा संबंध आला तो शेवटच्या काही आठवड्यांपुरता, पण त्या आठवड्यांनी या मातीवर केवढे देणे करून ठेवले. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. भिडेवाडा जुना होऊन कोसळायला आला होता, तो राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. मुंढवा-हडपसरच्या त्या वाटेवर मात्र कुणी थांबत नाही. तिथे थांबायला जागाच उरली नाही.

कुणी म्हणेल, इतक्या थोर आयुष्याशी टँकरच्या काळजीची तुलना कशाला? मीही तेच म्हणत असे. थोरांची चरित्रे वाचून आपल्या काळज्या पळून जात नाहीत. टँकर यायचा तेव्हाच येतो. आणि जिच्या घरी खरोखर पाणी नाही, जिचा नवरा काम सुटून घरी बसला आहे, तिला कृतज्ञ राहा असे सांगणे हा तर उद्धटपणा आहे. सावित्रीबाईंनी तसे कुणालाही सांगितले नाही. त्यांनी दुष्काळात भाकरी दिली, उपदेश नाही. मी बोलते आहे ते माझ्यासारख्यांविषयी, ज्यांच्या ताटात दोन वेळचे आहे आणि तरी ज्यांचा दिवस कुरकुरीत जातो.

माझ्यापुरती हकीकत सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, यांना अकरा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. मुलगा बंगळूरला अडकला होता. मी घरात एकटी, फोनजवळ. तिसऱ्या रात्री झोप येईना तेव्हा शाळेची एक जुनी वही काढली आणि भीती कमी व्हावी म्हणून काहीतरी लिहू लागले. काय लिहावे सुचेना. अखेर आईची दिवेलागण आठवली आणि मी त्या दिवसाची नावे लिहिली. फोन करून ऑक्सिजनचा आकडा सांगणारी नर्स. दाराबाहेर डबा ठेवून जाणारी समोरची सूनबाई. औषधाच्या दुकानातला पोऱ्या, ज्याने चार दुकाने फिरून एक इंजेक्शन मिळवले, दवाखान्यात पोहोचवले, आणि वरचे पैसे घेतले नाहीत. अकरा दिवसांत त्या वहीत त्रेचाळीस नावे झाली. काहींची नावे ठाऊक नव्हती, तिथे नुसते रुग्णवाहिकेचा चालक, असे लिहिले आहे.

भीती गेली का? नाही. पण भीती आणि मी, दोघीच खोलीत होतो, तिथे त्रेचाळीस माणसे येऊन बसली. काळजी माणसाला सांगत असते की तू एकटी आहेस, सगळे तुझ्यावर आहे. वही सांगत होती की ते खरे नाही. मला वाटते, सावित्रीबाईंच्या पत्रांत नावे येतात ती याच कारणाने. गाव विरुद्ध, जात विरुद्ध, दुष्काळ समोर. त्यात भाऊ, फातिमा, ओतूरचे सोबती यांची नावे लिहिताना त्यांनी स्वतःलाही सांगून ठेवले असेल की आपण एकट्या नाही. ज्याला आपण एकटे नाही हे ठाऊक असते, तोच दुसऱ्याचे मूल पाठीवर घेऊ शकतो.

हे घरी आले, बरे झाले. आणि वही कपाटात गेली. खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. काळज्या परत आल्या, पण त्या त्रेचाळीसांपैकी एकाकडेही मी जाऊन दोन शब्द बोलले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. आईच्या हिशेबात नाव घेतले की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारी मेथीची एक जुडी तरी पोहोचायची. माझी नुसतीच यादी होती.

तर परवा त्या रिक्षात मी हे सगळे आठवत बसले. ट्रक हलला. मी रिक्षावाल्याला घराकडे न नेता औषधाच्या दुकानाकडे न्यायला सांगितले. तो पोऱ्या आता तिथे नव्हता. मालकांनी सांगितले, त्याने गाडीतळाच्या पलीकडे स्वतःचे छोटे दुकान टाकले आहे. तिथे गेले. त्याने मला ओळखले नाही. इंजेक्शनची आठवण सांगितली, तीही त्याला आठवेना. त्या महिन्यात अशी कितीतरी नेली, म्हणाला. मी त्याला वहीतले त्याचे नाव सांगितले, तारीख सांगितली. तो थोडा ओशाळला, मग त्याने शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. माझे रिक्षाचे पैसेही तोच देत होता, मी देऊ दिले नाहीत.

घरी पोहोचायला साडेआठ झाले. टँकर आलेला नव्हता. मी दिवा लावला आणि त्या दिवसाची नावे घेतली. रिक्षावाल्याचे नाव विचारायचे राहिले होते, म्हणून नुसते रिक्षावाला म्हटले. टँकर साडेदहाला आला. वहीत आता बेचाळीस नावे राहिली आहेत.